पाऊस धावपट्टी खातो

जुलैतली दुपार. उजळाईवाडीच्या विमानतळाबाहेर आम्ही मामाला न्यायला उभे होतो. पाऊस होता, पण कोल्हापूरकराच्या हिशेबानं भुरभुरच. चहाच्या गाड्यावरचा माणूस छत्री न घेता रस्ता ओलांडत होता. ढगांवरून विमानाची घरघर ऐकू आली, जवळ आली, मग आवाज एकदम वाढला आणि लांब गेला. दिसलं काहीच नाही. वीस मिनिटांनी पुन्हा तसंच. पुढे पाऊण तासानं मामाचाच फोन आला, बेळगावहून. "हितं उतरवलं बघ. आता गाडी करून येतो." शेजारचे एक काका म्हणाले, "एवढ्याशा पावसाला भितोय व्हय पायलट? एस्टी थांबती का कधी?"

काकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. नंतर जमेल तसं वाचत गेलो, विचारत गेलो, आणि लक्षात आलं की पायलट 'पाऊस आहे का' असं विचारतच नाही. तो विचारतो, 'माझी धावपट्टी किती उरणार?' वारा, पाऊस, ऊन, धुकं या सगळ्याचं तो मनातल्या मनात मीटरमध्ये रूपांतर करत असतो. प्रत्येक गोष्ट धावपट्टीचा थोडा तुकडा खाते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे, तिथं खायला भरपूर आहे. कोल्हापूरची दोन किलोमीटरलाही जराशी कमी. इथं प्रत्येक घास मोजावा लागतो.

आधी हे मीटर जातात कुठे ते बघू. विमान धावपट्टीच्या टोकावरून सुमारे ५० फूट उंचीनं आत येतं आणि तीन अंशांच्या उतारानं खाली येत साधारण ३०० मीटर पुढे टेकतं. म्हणजे सुरुवातीचे ३०० मीटर वापरलेच जात नाहीत, ते गेलेच म्हणून धरायचे. टोकावर विमान दहा फूट जास्त उंच असेल तर टेकण्याची जागा आणखी साठेक मीटर पुढे सरकते. मऊसूत टेकवायच्या नादात विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं, तर दर सेकंदाला पन्नास-साठ मीटर मागे पडतात. पाच सेकंद तरंगलं की पाव किलोमीटर संपला. हे सगळं कोरड्या, शांत हवेत. अजून पाऊस आलेलाच नाही.

आता विमानतळाच्या टॉवरवरून पायलटला काय ऐकू येतं ते पाहू. खालचा निरोप मी नमुन्यासाठी रचलाय, पण बोलायची पद्धत अशीच असते:

"रनवे टू फाइव्ह. विंड टू एट झीरो डिग्रीज, टू झीरो नॉट्स, गस्टिंग थ्री टू. व्हिजिबिलिटी टू थाउजंड मीटर्स इन रेन. क्लाउड ब्रोकन एट हंड्रेड फीट. टेम्परेचर टू फोर, ड्यू पॉइंट टू थ्री. क्यूएनएच वन झीरो झीरो फाइव्ह. रनवे कंडिशन फाइव्ह, फाइव्ह, टू."

पंधरा-वीस सेकंदांचं बोलणं. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे.

पहिल्यांदा 'टू फाइव्ह'. धावपट्टीला नाव नसतं, होकायंत्रावरची दिशा असते, शेवटचं शून्य काढून टाकलेली. कोल्हापूरची पट्टी एका बाजूनं २५०च्या आसपासच्या अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे जरा नैर्ऋत्येला तोंड करून आहे, म्हणून २५. उलट बाजूनं त्याच पट्टीला ०७ म्हणतात. डांबर तेच, नावं दोन. कुठल्या नावानं उतरायचं ते वारा ठरवतो, कारण विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा २५.

वाऱ्याची दिशा सांगतात ती तो जिथून येतो ती. २८० अंशांवरून २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. धावपट्टी २५०ची. फरक ३० अंशांचा. दहावीतली त्रिकोणमिती आठवतेय का? साइन ३० म्हणजे अर्धा. म्हणून २०पैकी १० नॉट वारा आडवा लागतो आणि सुमारे १७ नॉट समोरून. समोरचा वारा हा मित्र. एटीआरसारखं पंख्यांचं छोटं प्रवासी विमान साधारण ११० नॉटनं उतरायला येतं असं धरा. हा वेग हवेच्या तुलनेत असतो. समोरून १७ नॉट असतील तर जमिनीच्या तुलनेत वेग ९३. याउलट पाठीमागून १० नॉट असतील तर १२०. कागदावर फरक सत्तावीसचाच दिसतो, पण ब्रेकना जी ताकद जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ९३चा वर्ग आणि १२०चा वर्ग काढून बघा, दीडपटीहून जास्त होतो. पाठीवरच्या झुळुकीनं एवढी मोठी किंमत लावली. म्हणूनच बहुतेक प्रवासी विमानांना पाठीमागच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट असते, काहींना १५. त्याच्यापुढे प्रश्नच नाही, दुसऱ्या बाजूनं या नाहीतर जा.

आडवा वारा धावपट्टी तितकी खात नाही, पण पायलटला कामाला लावतो. विमान खेकड्यासारखं तिरकं येतं, नाक वाऱ्याकडे आणि चाल पट्टीकडे, आणि टेकायच्या क्षणी ते सरळ करावं लागतं. खिडकीतून समोरची धावपट्टी दिसायला लागली की समजा आडवा वारा आहे. घाबरायचं कारण नाही. 'गस्टिंग थ्री टू' म्हणजे मधूनमधून ३२पर्यंतचे झोत. झोत आला की पंखांना जास्त उचल मिळते, ओसरला की विमान दाणकन खाली बसतं. त्यासाठी पायलट वेगात थोडी भर घालतो. आणि वेग वाढला की? बरोबर, मीटर गेले.

लहान विमानतळावर हा वारा मोजणारं यंत्र दहा मीटर उंच खांबावर असतं आणि त्याच्या जोडीला तो केशरी-पांढरा कापडी नळा, वारा-मोजा. कितीही यंत्रं आली तरी शेवटच्या क्षणी पायलटची नजर त्या मोज्यावर जातेच. तो खोटं बोलत नाही.

नंतर दृश्यता आणि ढग. ढग मोजायची पद्धत मला फार आवडली. आकाशाचे आठ भाग करायचे. एक-दोन भाग झाकले असतील तर 'फ्यू', तीन-चार तर 'स्कॅटर्ड', पाच ते सात 'ब्रोकन', आठही झाकले तर 'ओव्हरकास्ट'. पायलटला काळजी शेवटच्या दोघांची, कारण तेच त्याचं छत. दृश्यता मोजायला मोठ्या विमानतळांवर धावपट्टीकडेला यंत्रं असतात. लहान ठिकाणी हवामान खात्याचा माणूस बाहेर येऊन डोळ्यांनी पाहतो. त्याच्याकडे ठरलेल्या खुणांचा तक्ता असतो: अमुक पाण्याची टाकी इतक्या मीटरवर, तमुक टॉवर तितक्यावर, पलीकडची टेकडी त्याहून लांब. टाकी दिसतेय, टॉवर नाही, मग दृश्यता त्या दोघांच्या मधली. ऐकायला गावठी वाटेल, पण सरावलेला डोळा चांगलं काम करतो.

आणि काकांचा गोंधळ इथंच होता. चहाच्या गाड्यापाशी उभं राहून आपण आडवं बघतो आणि म्हणतो, सगळं तर दिसतंय. पायलट वरून, तिरकं, ढगांच्या थरातून आणि ओल्या काचेतून बघत असतो. मोठ्या विमानतळांवर आयएलएस नावाची यंत्रणा रेडिओच्या किरणांनी विमानाला थेट धावपट्टीच्या रेषेत आणि उतारावर आणून सोडते. तिच्या साध्या प्रकारातही पायलट २०० फुटांपर्यंत खाली येऊन मग 'दिसलं की नाही' ते ठरवू शकतो. आयएलएस नसेल, आणि लहान विमानतळांवर ती पुष्कळदा नसते, तर हा निर्णय चारशे-पाचशे फुटांवर किंवा त्याहूनही वर घ्यावा लागतो. आजूबाजूला डोंगर असतील तर आणखी वर. त्या उंचीला पोचल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुढे जायचं नाही. अजून पन्नास फूट बघू, असं चालत नाही. इंजिनांना जोर द्यायचा आणि वर निघायचं. आम्हाला दोनदा ऐकू आलेला तो वाढलेला आवाज हाच. त्याला गो-अराउंड म्हणतात. बातम्यांत त्याला 'थरार' म्हणतात, पायलट लोक त्याला नेहमीचं काम म्हणतात.

क्यूएनएचबद्दल थोडक्यात. विमानाची उंची हवेच्या दाबावरून कळते आणि दाब रोज बदलतो, म्हणून उंचीमापकात त्या गावचा त्या वेळचा दाब भरावा लागतो. तोच क्यूएनएच, हेक्टोपास्कल या एककात. एका हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट. प्रमाण दाब १०१३ धरतात. तो तसाच ठेवला आणि खरा १००५ असला, तर विमान काट्यावर दिसतं त्याच्यापेक्षा सव्वादोनशे फूट खाली असेल. ढगात असताना ही चूक परवडत नाही, म्हणून पायलट हा आकडा मुद्दाम परत म्हणून दाखवतो. तापमान आणि दवबिंदू (ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते) यांतला फरक एका अंशावर आला की हवा ओलाव्यानं भरली, धुकं किंवा खालचे ढग जवळच आहेत असं समजायचं. हिवाळ्यात पंचगंगेकाठी सकाळी सकाळी जे पांढरं पांघरूण दिसतं, ते हा फरक शून्यावर आल्याचंच लक्षण.

आता शेवटचे तीन आकडे: पाच, पाच, दोन. माझ्या मते सबंध निरोपातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

धावपट्टी ओली आहे, एवढं म्हणून भागत नाही. किती ओली? पूर्वी याची उत्तरं देशोदेशी आणि माणसागणिक वेगळी असायची. नोव्हेंबर २०२१पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं जगभर एकच पद्धत लागू केली. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाला शून्य ते सहा गुण द्यायचे. कोरडी असेल तर ६. ओली, पण पाण्याचा थर ३ मिलिमीटरपर्यंत, तर ५. थर ३ मिलिमीटरच्या वर गेला की एकदम २. ४, १ आणि ० हे बर्फवाल्यांचे, आपल्याला त्याचं काम नाही. ३ मात्र आपल्याकडेही लागू शकतो, धावपट्टी ओली झाली की निसरडी होते असं ठाऊक असेल तेव्हा. टेकताना टायर घासून रबराचा काळा थर साचतो, त्यावर पाणी पडलं की शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखी गत होते. असं रबर अधूनमधून खरवडून काढावं लागतं.

पाचावरून थेट दोनावर उडी का? ३ मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. एवढ्याशा पाण्यानं काय होतं? होतं असं की वेगात असलेल्या टायरला समोरचं पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही. पाणी टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाक उचलून धरतं. रबर आणि डांबर यांचा संबंध तुटतो. ब्रेक कितीही दाबा, चाक पाण्यावर तरंगतंय. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. ते कुठल्या वेगाला सुरू होतं याचं एक सोपं गणित आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, नवानं गुणा, उत्तर नॉटमध्ये. टायरमध्ये १०० पौंडाची हवा असेल तर वर्गमूळ १०, म्हणजे ९० नॉट. आपलं विमान टेकतंय त्याच्यापेक्षा जास्त वेगानं. म्हणजे नेमका जिथं ब्रेक हवा तिथं तो नाही. हेच गणित आपल्या गाडीला लावून बघा. पेट्रोल पंपावर आपण ३२ भरतो. उत्तर येतं ५१ नॉट, म्हणजे ताशी चौऱ्याण्णव-पंच्याण्णव किलोमीटर. पुणे-बंगळूर हायवेवर पाणी साचलेलं असताना शंभरनं गाडी हाकणाऱ्यांनी हा आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावा.

म्हणून धावपट्टी सपाट नसते. मधोमध कणा आणि दोन्हीकडे अगदी हलका उतार, कौलारू छपराचा चपटा भाऊ म्हणा. पाणी दोन्ही कडांना वाहून जावं, म्हणून. पण जोराचा आडवा वारा असला तर एका बाजूचं पाणी तो अडवून धरतो. एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षांच्या वजनानं खोलगट झालं असेल तर तिथं डबकं. हे टॉवरमधून दिसत नाही. त्यासाठी विमानतळाचा माणूस जीप घेऊन धावपट्टीवर जातो, तिन्ही भाग बघतो आणि रेडिओवर सांगतो. जाता जाता तो आणखीही बरंच बघतो: तुटका दिवा, वाऱ्यानं आलेली प्लास्टिकची पिशवी, कुंपणाखालून शिरलेलं कुत्रं. पावसानंतर गवतातून किडे निघतात, किड्यांमागे पक्षी. टिटवी तर गवतात जमिनीवरच अंडी घालते आणि जीपच्याच अंगावर धावून येते.

तर पाच, पाच, दोन. उतरणाऱ्याच्या दिशेनं पहिले दोन भाग ठीक, शेवटच्या भागात पाणी साचलंय. सुरुवातीला चूक झाली तर सावरायला जो भाग राखून ठेवायचा, तोच भरवशाचा नाही. असे वेगवेगळे आकडे असले की हिशेबात बहुधा सगळ्यात वाईट आकडाच धरतात. आणि पाण्यामुळे पकड कमी झाली की आडव्या वाऱ्याची मर्यादाही आपोआप खाली येते, कारण घसरणारं चाक विमानाला रेषेतही ठेवू शकत नाही. समोरचा वारा एकटा चांगला होता, आडवा झोत एकटा झेपणारा होता, पाणी एकटं सांभाळता आलं असतं. तिघं एकत्र आले की बेरीज जमत नाही. काकांना पाऊस दिसत होता, बेरीज दिसत नव्हती.

ओल्या धावपट्टीसाठी नियमांत आधीच उशी ठेवलेली असते. जेट विमानाचं उतरण्याचं कागदावरचं अंतर, म्हणजे टोकावरच्या ५० फुटांपासून पूर्ण थांबेपर्यंतचं, मुक्कामाच्या धावपट्टीच्या ६० टक्क्यांतच बसायला हवं, आणि धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर लागणारी लांबी त्यावर आणखी १५ टक्के वाढवून धरायची, असं निघायच्या आधी बघावं लागतं. पण ही उशी योग्य जागी टेकणाऱ्यासाठी आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला काय झालं ते आठवत असेल. दुबईहून आलेलं बोइंग ७३७, मुसळधार पाऊस, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. पहिला प्रयत्न सोडून वैमानिकांनी दुसऱ्या बाजूनं उतरायचं ठरवलं, तिथं वारा पाठीमागून होता. चौकशी अहवालाप्रमाणे ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ४,४३८व्या फुटावर. अर्धी धावपट्टी टेकायच्या आधीच संपली होती. २१ माणसं गेली, त्यांत दोन्ही वैमानिक. मुख्य वैमानिक दीपक साठे आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून शिकून हवाई दलात गेलेले, अनुभवी माणूस. त्या अहवालात नोंदवलेल्या गोष्टी एकेक करून वाचल्या की पुन्हा तेच दिसतं: पाऊस, पाठचा वारा, उशिरा टेकणं, आणि परत वर न जाणं. जागा भरपूर असली तरी सुटका नाही. १ जुलै २०१९ला मुंबईच्या त्या साडेतीन किलोमीटरच्या पट्टीवरूनही एक विमान पावसात पुढे निघून गेलं होतं आणि मुख्य धावपट्टी पुढचे काही दिवस बंद राहिली. तिथं सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही.

मामा नंतर कधीतरी मला म्हणाला होता, पावसाळ्यात पायलट लोक विमान आदळतात. त्यालाही कारण आहे. ओल्या पट्टीवर हलकेच टेकवलं तर चाक पाण्याच्या थरावर तरंगायची भीती. म्हणून मुद्दाम ठाम टेकवायचं, थर फोडायचा, चाकं लगेच फिरायला लागली पाहिजेत, ब्रेक लगेच धरले पाहिजेत. जुलैत विमान धप्पकन बसलं तर ते बहुधा नीट उतरवलेलं असतं.

पावसाळ्याविषयी एवढं बोललो, पण वैमानिकाच्या दृष्टीनं एप्रिल-मे काही सोपा नाही. मे महिन्यातली दुपार, ३८ अंश, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी. हिशेब केला तर त्या दुपारी विमानाला वाटतं की आपण सुमारे ५,४०० फुटांवर आहोत. ५,४०० फूट म्हणजे कळसूबाई. महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरावरून उडायचंय, असं समजा. विमान उडतं, पण लांब धावून. म्हणून कधी कधी दुपारच्या फेरीला चार सीटा रिकाम्या ठेवून किंवा सामान कमी करून निघतात, आणि तिकीट न मिळालेला प्रवासी म्हणतो, आत तर जागा होती.

आणि त्याच दुपारी चार वाजता वळीव येतो. आधी धुरळ्याचा लोट, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब. आपल्याला तो लोट म्हणजे सुटका वाटते. पायलटला तो सगळ्यात वाईट वारा. वळवाच्या ढगातून थंड हवेचा खांब खाली कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि चहूकडे पसरतो, बादलीभर पाणी फरशीवर ओतावं तसा. उतरणारं विमान त्यात शिरलं की पहिल्यांदा समोरून जोराचा वारा, विमान उचललं जातं, पायलटला वाटतं वेग जास्त झाला. लगेच वरून दाब. आणि पलीकडे गेल्यावर पाठीमागून वारा. काही सेकंदांत समोरचा मित्र पाठीवर बसलेला असतो, आणि खाली उंची उरलेली नसते. यावर कौशल्याचा उपाय नाही, लांब राहायचं एवढाच उपाय. वळवाचा एकेक ढग अर्ध्या तासात ओसरतो, म्हणून विमान वर घिरट्या घालत थांबतं.

किती वेळ थांबायचं ते टाकीतलं इंधन सांगतं. निघतानाच पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं आणि त्यावर आणखी तीस मिनिटांचं इंधन घेतलेलं असतं. ती शेवटची तीस मिनिटं ठरवून वापरायची नसतात. त्यामुळे कोल्हापूरवर घिरट्या घालताना पायलटच्या डोक्यात बेळगावचं किंवा गोव्याचं घड्याळ चालू असतं. तिकडचं हवामान कसं आहे, तिथलं विमानतळ किती वाजेपर्यंत उघडं आहे (लहान विमानतळ काही रात्रभर चालू नसतात), आणि आता निघालो तर किती उरेल. दोन प्रयत्न झाले की बहुतेक जण निघतात.

त्या दिवशी मामा रात्री नऊला घरी पोचला, चिडलेला, चिखलात बूट बरबटलेले. जेवताना म्हणाला, बेळगावला पण काय आदळलं रे त्यानं.